खिडकीवरची फुली : हरिकेन, काच आणि छप्पर

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात दरवर्षी १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम मानला जातो. वादळाची पहिली बातमी आली की तिथल्या लाकूड-सामानाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. प्लायवूडचे तक्ते, स्क्रू, बॅटऱ्या, पिण्याचे पाणी अशी खरेदी सुरू होते. त्याच वेळी दुसरेही एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे. घरांच्या आणि दुकानांच्या काचांवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चिकटपट्टीची मोठी फुली मारलेली असते.

ही फुली आपल्याकडच्या जुन्या पिढीला अनोळखी नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी मुंबईसारख्या शहरांत खिडक्यांना काळा कागद लावला जाई आणि काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या जात. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्येही तेच केले गेले होते. बॉम्ब दूर कुठेतरी फुटतो, हवेचा एक जोरदार तडाखा येतो, काच तडकते. तिचे तुकडे घरात उडू नयेत एवढाच त्या पट्टीचा हेतू होता. काच फुटू नये असा तिचा दावा कधीच नव्हता. हवाई हल्ल्यातली ही युक्ती वादळात वापरली, की तिचा अर्थ नकळत बदलतो. लोकांना वाटू लागते की पट्टीमुळे काच मजबूत झाली.

ती होत नाही. याचे कारण काचेच्या स्वभावात आहे. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात दाखवून दिले, की काचेची प्रत्यक्षातली ताकद तिच्या अणूंमधल्या बंधांवरून काढलेल्या ताकदीपेक्षा फारच कमी असते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात. काच वाकली की ताण त्या चिरांच्या टोकांशी गोळा होतो, आणि एखादी चीर वाढू लागली की क्षणात साऱ्या काचेतून धावते. वरून चिकटवलेली पट्टी लवचीक असते. ती त्या चिरांवरचा ताण कमी करू शकत नाही. उलट काच फुटल्यावर पट्टीला धरून राहिलेले मोठे, धारदार तुकडे एकदम सुटतात, आणि ते बारीक तुकड्यांपेक्षा अधिक घातक ठरतात. म्हणूनच अमेरिकेतली हवामान आणि आपत्ती-निवारण खाती आता चिकटपट्टी लावू नका असे स्पष्ट सांगतात. तरीही फुली दिसतेच. काही तरी केल्याचे समाधान देणारा उपाय सहसा लवकर मरत नाही.

पण काच फुटली तर एवढे काय बिघडते? पाऊस आत येईल, गाद्या भिजतील, नंतर नवी काच बसवू. पुष्कळ काळ लोकांची, आणि घरे बांधणाऱ्यांचीही, समजूत अशीच होती. खिडकी फुटणे आणि छप्पर उडणे या दोन वेगळ्या घटना नाहीत, पहिली दुसरीला जन्म देते, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या कळण्याचाच इतिहास येथे सांगायचा आहे.

हरिकेन हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. स्पॅनिश दर्यावर्दींनी तो उचलला आणि युरोपीय भाषांत नेला. या बेटांवर वसाहती झाल्या तेव्हा काचेचा प्रश्नच फारसा नव्हता. काच महाग आणि समुद्रमार्गे आणताना फुटणारी. उष्ण हवेत वारा खेळता हवा असे. म्हणून खिडकीला आडव्या पट्ट्यांची झिलमिल आणि बाहेरून जाड फळ्यांची झडप. वादळाची चाहूल लागली की झडपा ओढून आतून आडवा अडसर घालायचा. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्ट गावातल्या जुन्या लाकडी घरांना अशा झडपा आजही पाहायला मिळतात. या बांधणीमागे दाबाचे शास्त्र नव्हते; पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता. कोकणातल्या जुन्या घरांच्या लहान, गजांच्या, लाकडी झडपांच्या खिडक्या पाहिल्या, की दोन दूरच्या किनाऱ्यांवरचे सुतार एकाच उत्तराशी कसे पोचले याची गंमत वाटते.

मायामी शहर मात्र घाईत वाढले. १८ सप्टेंबर १९२६ ला तिथे आलेल्या हरिकेनने या घाईची किंमत वसूल केली. त्या दिवशीची एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. सकाळी वादळाचा डोळा शहरावरून जात असताना वारा अचानक पडला. शहरात नव्याने आलेल्या अनेकांना वाटले, संपले. माणसे रस्त्यावर आली. अर्ध्या-पाऊण तासात वारा पुन्हा सुटला, तो उलट्या दिशेने. बाहेर पडलेली कित्येक माणसे त्यात सापडली. या वादळानंतर मायामीने बांधकामाचे नियम कडक केले, आणि १९५७ मध्ये त्या भागासाठी दक्षिण फ्लोरिडा बांधकाम नियमावली आली. त्या काळी ती अमेरिकेतल्या चांगल्या नियमावल्यांपैकी एक समजली जाई.

याच सुमारास हवामान खात्याच्या सूचनापत्रकांत एक सल्ला छापला जात असे. वादळात घराची वाऱ्याआडची, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची, एखादी खिडकी किंवा दार उघडता येईल असे ठेवा. त्यामागे एक कल्पना होती. वादळाच्या मध्यावर हवेचा दाब फार कमी असतो. घर बंद असेल तर आतली जास्त दाबाची हवा भिंती बाहेर ढकलेल आणि घर फुग्यासारखे फुटेल. टॉर्नेडो, म्हणजे चक्रवाती झंझावात, यांच्या बाबतीत तर ‘सगळ्या खिडक्या उघडा’ हा सल्ला शाळेतल्या मुलांनाही पाठ असे.

ही कल्पना खुळचट म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. वर्गात फळ्यावर गणित मांडून पाहा. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल. १९९२ च्या अँड्र्यू हरिकेनचा किनाऱ्यावर आदळतानाचा मध्यवर्ती दाब ९२२ हेक्टोपास्कल होता. फरक ९१ हेक्टोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला ९१०० न्यूटन. किलोच्या भाषेत नऊशेहून अधिक किलो. घर खरोखर हवाबंद असते तर कोणतीच साधी भिंत यापुढे टिकली नसती. गणित बरोबर आहे, चूक आहे ती गृहीतकात. घर हवाबंद नसते. दारांखालच्या फटी, खिडक्यांच्या कडा, पोटमाळ्याचे झरोके यांतून साध्या घरातली सगळी हवा काही तासांत बदलते. बाहेरचा दाब नऊ टक्क्यांनी उतरायला हरिकेनमध्ये काही तास लागतात, आणि तेवढ्यात आतली नऊ टक्के हवा फटींतून सहज निघून जाते. दाबाचा समतोल आपोआप साधला जातो. त्यासाठी खिडकी उघडण्याची गरज नसते.

मग घरे फुटल्यासारखी का दिसत? याचा शोध टेक्सासमधल्या लबक या गावी लागला. ११ मे १९७० ला एका भयंकर टॉर्नेडोने या गावातली २६ माणसे मारली. गावातच टेक्सास टेक विद्यापीठ होते. भारतीय वंशाचे किशोर मेहता, जोसेफ मायनर, जेम्स मॅक्डोनाल्ड या तेथील स्थापत्य अभियंत्यांनी पडक्या घरांत हिंडून प्रत्येक भिंत कोणत्या बाजूला पडली, छपराचे कोणते टोक आधी उचलले गेले, याच्या नोंदी केल्या. आपत्तीनंतर ढिगारा उपसण्याआधी तो वाचायचा, ही त्यांची शिस्त. पुढच्या वर्षांत अनेक वादळांनंतर त्यांनी हेच केले. निष्कर्ष असा निघाला की घरे आतल्या कोंडलेल्या हवेने फुटत नव्हती. वाऱ्यासमोरची खिडकी किंवा दार आधी फुटे, वारा आत घुसे, आणि मग छपराला आतून उचले.

यातले भौतिकशास्त्र शाळेतल्या विद्यार्थ्याला झेपण्याजोगे आहे. वाहता वारा अडवला की जो दाब निर्माण होतो तो हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. वारा ताशी १८० कि.मी., म्हणजे सेकंदाला ५० मीटर धरू. हवेची घनता १.२. दाब येतो दर चौरस मीटरला १५०० न्यूटन, सुमारे १५० किलो. सव्वा मीटर उंच आणि तितक्याच रुंद खिडकीवर दोनशे तीस किलोंच्या आसपास भार पडला. जाड काच एवढे पेलू शकते. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो, हे मात्र विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे. वाहतुकीपासून वादळापर्यंत त्याचा उपयोग आहे.

आता छपराकडे पाहू. छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतच असतो. घर बंद असेल तर आतला दाब बाहेरच्या सरासरीच्या जवळपास राहतो. भारतीय मानक संस्थेच्या आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग वाऱ्याच्या भाराविषयी आहे. भिंतींतली उघडी जागा पाच टक्क्यांहून कमी असेल, तर आतला दाब वाऱ्याच्या दाबाच्या ०.२ पट धरावा. वीस टक्क्यांहून जास्त असेल, तर ०.७ पट, असे १९८७ च्या आवृत्तीत दिले होते. बारा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद घराचे छप्पर घ्या : १२० चौरस मीटर. वरच्याच वाऱ्यात ०.२ ने ३६ हजार न्यूटन, ०.७ ने १ लाख २६ हजार न्यूटन. मधला फरक ९० हजार न्यूटन, म्हणजे नऊ टन. आपल्याकडे एका जुन्या ट्रकात जेवढा माल मावे, तेवढ्या वजनाची जादा ढकल छपराला आतून वर मिळते, केवळ वाऱ्यासमोरची मोठी खिडकी किंवा दार गेले म्हणून. आणि वरची ओढ आहेच.

याचा एक सोपा प्रयोग आम्ही सुचवतो. पुठ्ठ्याचे बुटांचे खोके घ्या. एका लांब बाजूला पोस्टकार्डाएवढी खिडकी कापा. झाकण काढून त्याऐवजी जाड ड्रॉइंग पेपरचा तुकडा वर नुसता ठेवा. खोके आतून दोन दगड घालून टेबलाला जखडा आणि टेबलफॅनसमोर ठेवा. खिडकी कागद चिकटवून बंद केली असताना झाकण जेमतेम टिकेल इतके वजन (चार-दोन क्लिपा) त्यावर बसवा. मग खिडकी उघडून वाऱ्यासमोर धरा, झाकण उडते. आता खोके अर्धे फिरवून खिडकी वाऱ्याआड न्या. झाकण पहिल्यापेक्षाही घट्ट बसलेले जाणवेल, कारण घराच्या मागच्या बाजूला दाब कमी असतो आणि तो खिडकीतून आत पोचतो. वजन किती ठेवायचे हे करून पाहूनच जमते. मुलांनी ते स्वतः शोधलेले बरे.

म्हणजे वाऱ्याआडची खिडकी उघडण्याचा जुना सल्ला बरोबर होता काय? खोके तसेच ठेवा आणि पंखा उचलून दुसऱ्या बाजूला न्या. हाच वादळाचा डोळा. मघाची आडोशाची खिडकी आता वाऱ्याच्या तोंडी आहे, आणि झाकण गेलेले आहे. मायामीत १९२६ मध्ये वारा असाच उलटला होता. शिवाय डोळा डोक्यावरून न जाताही हरिकेन सरकत जाते तशी वाऱ्याची दिशा तासातासाला बदलते. काळोखात, वीज गेलेली असताना, कोणी माणसाने खिडकीशी उभे राहून ही दिशा ओळखावी आणि एक खिडकी लावून दुसरी उघडावी, ही अपेक्षाच जीवघेणी होती. सगळ्या खिडक्या बंद आणि झाकलेल्या ठेवा, हा आजचा सल्ला यातून आला.

याच धड्याची दुसरी आवृत्ती ऑस्ट्रेलियात लिहिली गेली. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे, नाताळच्या दिवशी, ट्रेसी नावाचे वादळ डार्विन शहरावर आले. विमानतळावरच्या वायुवेगमापकाने ताशी २१७ कि.मी.चा झोत नोंदवला आणि तो बंद पडला. ६६ माणसे दगावली. शहरातली सत्तर टक्क्यांहून अधिक घरे मोडली, आणि सुमारे ४७ हजार वस्तीतल्या ३५ हजारांना शहराबाहेर हलवावे लागले. जॉर्ज वॉकर या अभियंत्याच्या पाहणीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे पत्र्याचे छप्पर एका झटक्याने उडाले नव्हते. वाऱ्याच्या हजारो हिसक्यांनी स्क्रूभोवतीचा पत्रा थकून चिरला होता, तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते तसा. दुसरी गोष्ट खिडक्यांची. एका घराचा उडालेला वासा किंवा पत्रा शेजारच्या घराची खिडकी फोडे, त्या घराचे छप्पर उडे, त्याचे पत्रे पुढच्या घराच्या खिडकीवर जात. वादळ घराघरांत साथीच्या रोगासारखे पसरत होते. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मानकात चार किलोचा लाकडी वासा सेकंदाला १५ मीटर वेगाने खिडकीवर मारून पाहण्याची कसोटी आली. जेम्स कुक विद्यापीठात १९७७ मध्ये वादळ-परीक्षण केंद्र सुरू झाले.

डार्विनचे अहवाल छापील होते, कोणालाही वाचता येण्याजोगे. टेक्सासच्या मायनर यांनीही वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वस्तूंपासून काचेच्या संरक्षणाचा आग्रह सतत धरला. १९८३ मध्ये ॲलिशिया हरिकेनने ह्यूस्टन शहराच्या उंच इमारतींच्या काचा फोडल्या, तेव्हा छपरांवर अंथरलेली बारीक खडीच उडून काचांवर आदळली होती. एवढे सगळे ठाऊक असूनही फ्लोरिडात फारसे हलले नाही. याला आमच्या मते तीन गोष्टी कारण झाल्या, आणि त्यांतली एकही शास्त्राच्या अज्ञानाची नव्हती.

१९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट तक्ते बनवण्याची पद्धत जाहीर केली; मोठी, नितळ काच स्वस्त झाली. वातानुकूलन यंत्रे घरोघर आली, तेव्हा वारा खेळवणाऱ्या झिलमिली आणि त्यांच्यावरच्या झडपा नकोशा झाल्या. सरकती काचेची दारे ही फॅशन ठरली. आणि १९६५ च्या बेट्सीनंतर सत्तावीस वर्षे मायामी परिसरावर थेट मोठे हरिकेन आलेच नाही. या काळात डेड काउंटीची वस्ती दुपटीच्या आसपास वाढली. म्हणजे ज्यांनी कधी हरिकेन पाहिलेच नव्हते अशांची एक अख्खी पिढी अशा घरांत राहत होती, आणि अशांच्याच हाती नियमांची अंमलबजावणीही होती.

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू आले. तडाखा मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेड गावाच्या परिसरात बसला. कोरल गेबल्स येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या छपरावरचे रडारच वाऱ्याने उडवले. स्थानिक दूरचित्रवाणीवर ब्रायन नॉरक्रॉस हे हवामानतज्ज्ञ रात्रभर बोलत होते. वीज गेलेल्या घरांत लोक बॅटरीवरच्या रेडिओवर त्यांचा आवाज ऐकत होते. घराच्या आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत किंवा कपाटात जा, अंगावर गादी ओढून घ्या, असे ते सांगत राहिले. अनेकांनी तसे केले. सकाळी बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते, भिंती अर्ध्या होत्या आणि ती एक कोंदट खोली उभी होती. केवळ डेड काउंटीत पंचवीस हजारांहून अधिक घरे नष्ट झाली, एक लाखाहून अधिक नुकसानग्रस्त. वाऱ्याचा वेग तेव्हा कमी मोजला गेला होता. २००२ मध्ये फेरतपासणी होऊन तो ताशी सुमारे २६५ कि.मी. धरला गेला आणि अँड्र्यूला पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, श्रेणीत टाकण्यात आले.

तपासणीत जे आढळले ते डार्विनला आढळले होते तेच, आणि वर हलगर्जीपणा. छपराच्या फळ्या खिळ्यांऐवजी पिनांनी ठोकलेल्या, त्यातल्या कित्येक पिना खालच्या वाशाला लागलेल्याच नव्हत्या. तिकोनी भिंतींना आधार नव्हता. खिडक्या उघड्या, आणि गॅरेजची रुंद, पातळ दारे आत ढकलली गेलेली. गॅरेजचे दार म्हणजे घराची सर्वांत मोठी खिडकीच. तिकडे कोणाचे लक्षच नव्हते. नुकसानीचा आकडा पंचवीस अब्ज डॉलरांच्या पुढे गेला आणि काही विमा कंपन्या बुडाल्या. स्पष्टच बोलायचे तर नियम बदलायला अभियंत्यांच्या वीस वर्षांच्या अहवालांपेक्षा विमा कंपन्यांचे दिवाळे जास्त उपयोगी पडले.

१ सप्टेंबर १९९४ पासून डेड काउंटीत नवा नियम लागू झाला. नव्या घराची प्रत्येक खिडकी एक तर झडपेने झाकता आली पाहिजे, नाही तर तिची काचच आघात सोसणारी हवी. कसोटी अशी : नऊ पौंडांचा, म्हणजे चार किलोंहून थोडा जास्त वजनाचा, लाकडी वासा हवेच्या तोफेतून सेकंदाला ५० फूट वेगाने खिडकीवर मारायचा. गतिज ऊर्जा काढून पाहा. सुमारे ४८० ज्यूल येते. ताशी १४४ कि.मी. वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा जेमतेम १३० ज्यूल असते. वासा लागला तरी खिडकी आरपार फाटता कामा नये. त्यानंतर तीच तडकलेली खिडकी हवेच्या दाबाने शेकडो वेळा आत-बाहेर हिसडायची, आणि तरीही ती चौकटीत राहिली पाहिजे. दुसरा भाग सरळ डार्विनच्या थकलेल्या पत्र्यांवरून आलेला आहे. तीस फुटांच्या वरच्या खिडक्यांसाठी वाशाऐवजी दोन-दोन ग्रॅमच्या पोलादी गोळ्या, ह्यूस्टनच्या खडीची आठवण म्हणून म्हणा.

आघात सोसणारी ही काच कोणती? तिची जन्मकथा विद्यार्थ्यांना आवडते. एदुआर बेनेदिक्तुस हा फ्रेंच चित्रकार आणि रसायनज्ञ. १९०३ मध्ये त्याच्या हातून काचेचा चंबू पडला. तो तडकला पण विखुरला नाही. त्यात पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा पातळ पापुद्रा आतून बसला होता. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा थर घालण्याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात ही काच वायूरोधक मुखवट्यांच्या डोळ्यांना लागली, मग मोटारींना. सेल्युलोजचा थर उन्हाने पिवळा पडे; पुढे त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरल या लवचीक प्लॅस्टिकने घेतली. मोटारीच्या पुढच्या काचेला दगड लागला की जाळे उमटते पण भोक पडत नाही, ते यामुळे. हरिकेनच्या खिडकीत हाच थर जाड असतो. काच फुटतेच, पण वारा आत येत नाही, आणि घराला हवे असते ते तेवढेच. उष्णता देऊन कडक केलेली, फुटल्यावर वाटाण्याएवढे तुकडे होणारी काच येथे कामाची नाही. ती माणसाला कापत नाही हे खरे, पण फुटल्यावर चौकट रिकामी होते.

१ मार्च २००२ पासून संपूर्ण फ्लोरिडासाठी एक नियमावली आली. तीतही एक पळवाट होती. खिडक्या झाकायच्या नसतील तर बांधकाम करणाऱ्याने त्या फुटणारच असे धरून छप्पर तेवढे मजबूत करावे, अशी मुभा काही भागांत दिलेली होती. कागदावर हिशेब बरोबर बसतो. पण छप्पर राहिले तरी आतल्या माणसांवर वारा, पाऊस आणि काच येतेच. राज्याच्या पश्चिम पट्ट्याला तर समुद्रापासून मैलभराच्या आत असलेल्या घरांपुरतीच सक्ती होती. बांधकाम व्यावसायिकांचे म्हणणे, खर्च वाढेल आणि गरिबाला घर परवडणार नाही. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. २००४ आणि २००५ च्या लागोपाठच्या वादळांनंतर ही सवलत काढून घेण्यात आली. १३ ऑगस्ट २००४ च्या चार्ली हरिकेनने पुंता गोर्दा गावात नव्या आणि जुन्या नियमांची घरे शेजारी शेजारी तपासून दिली होती. नव्या घरांच्या विमा-दाव्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. २४ ऑक्टोबर २००५ च्या विल्माने मायामीतल्या उंच इमारतींच्या काचांचा सडा रस्त्यांवर पाडला.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. फ्लोरिडात वादळाच्या वेळी लोक आसऱ्याला जातात ते बहुतेक शाळांतच. अँड्र्यूनंतरच्या वर्षांत तिथे नियम झाला, की नव्या सरकारी शाळेचा काही भाग वादळ-आश्रय म्हणून बांधलाच पाहिजे. त्याच्या खिडक्या झाकलेल्या किंवा आघात सोसणाऱ्या हव्यात. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड-रत्नागिरीत घरांची कौले आणि पत्रे उडाले, आणि त्यांत शाळांचीही छपरे होती. तिथे काचेचा प्रश्न दुय्यम होता. पत्र्याला हुक किती आणि भिंतीला वासा कशाने बांधला, हा खरा प्रश्न. मात्र कोकणात जुन्या झडपांच्या जागी आता ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा झपाट्याने येत आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी फ्लोरिडाने केलेला बदल आपण आज करतो आहोत, एवढे ध्यानात असावे.

ज्यांच्या घराला झडपा नाहीत त्यांच्यासाठी प्लायवूड आहे, आणि नीट लावले तर ते चांगले काम देते. तक्ता निदान १६ मि.मी. जाडीचा घ्यावा, प्रत्येक खिडकीच्या मापाने हंगामाआधीच कापावा, मागे कोणत्या खिडकीचा ते लिहून ठेवावे, भोके पाडून ठेवावीत, आणि तो नुसत्या खिळ्यांनी नव्हे तर भिंतीत बसवलेल्या स्क्रूंनी जखडावा. वादळ दोन दिवसांवर आल्यावर हे करू गेले तर दुकानात तक्ते नसतात, आणि वाऱ्यात शिडीवर चढून जड तक्ता धरणारे पडतात. वादळानंतर तक्ते लगेच उतरवायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. झाकलेल्या घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर चालवून कार्बन मोनॉक्साइडने माणसे मेल्याच्या घटना जवळपास प्रत्येक मोठ्या वादळानंतर घडतात. आणि आग लागली तर खिडकीतून बाहेर पडायची वाटच राहत नाही.

नियम नव्या घरांना लागू होतात. जुनी घरे तशीच राहतात. त्यांच्यासाठी फ्लोरिडा सरकारने २००६ मध्ये एक योजना काढली. घराची मोफत तपासणी करायची आणि झडपा किंवा नव्या खिडक्यांसाठी अनुदान द्यायचे. पैसा संपल्यावर ती काही वर्षांतच थांबली, आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. घरमालकाने एक डॉलर घातला तर सरकार दोन घालणार, दहा हजार डॉलरांच्या मर्यादेपर्यंत. ती स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. भाडेकरू तिच्यात बसत नाहीत. त्यांच्या खिडकीवर काय लावायचे ते घरमालक ठरवतो.